हृद्द्रव : अर्जुनारिष्टापूर्वी नाडी

‘छातीत धडधडतं हो’ ही तक्रार आपणा सर्वांच्याच चिकित्सालयात नित्य ऐकू येते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २० व्या अध्यायात हृद्द्रवाची गणना ८० वातविकारांत केली आहे, तर पांडुरोगाच्या पूर्वरूपांत हृदयस्पंदन सांगितले आहे. लक्षण एक, मुळे निरनिराळी. म्हणूनच तक्रार ऐकताच अर्जुनारिष्ट लिहून देण्याची घाई आम्हांस अप्रशस्त वाटते.

प्रथम नाडी पूर्ण १ मिनिट मोजावी. दोषपरीक्षणार्थ आपण नाडी पाहतोच; येथे संख्या व ताल पाहावयाचा आहे. विश्रांतीत प्रौढाची गती सामान्यतः मिनिटास ६० ते १०० असते. गती वाढलेली पण ताल नियमित असेल, तर ज्वर, पांडुता, थायरॉईड ग्रंथीची अतिक्रिया, चिंता, चहा-तंबाखू यांचा शोध घ्यावा. पापणी खाली ओढून पाहण्यास असा कितीसा वेळ लागतो? मात्र धडधड एकाएकी सुरू होऊन एकाएकीच थांबत असेल व त्या वेळी गती १५० च्या पुढे जात असेल, तर ती चिंतेचीच आहे असे गृहीत धरू नये.

नाडीस कोणताच ताल नसेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढवावा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

आपल्याच औषधांविषयीही स्पष्ट बोलावयास हवे. त्रिभुवनकीर्ति, मृत्युंजय या रसांत वत्सनाभ आहे. शोधन सदोष असल्यास वा मात्रा अधिक झाल्यास तेच विष हृदयाचा ताल बिघडवते. जिभेस, ओठांस मुंग्या येऊन धडधड सुरू झाली असेल, तर औषध तत्काळ थांबवून रुग्णास रुग्णालयात धाडावे. दम्याच्या औषधांनी व सोमलतेनेही गती वाढते.

धडधडीसोबत छातीत वेदना, श्वासकष्ट वा मूर्च्छा असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. श्रम करतानाच धडधड होत असेल, किंवा कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यू घडला असेल, तर रुग्णास हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत नाडीची संख्या, वेळ आणि आपण दिलेली औषधे नमूद करावीत. रक्ताची गुठळी न होण्याची औषधे चालू असल्यास ती आपण परस्पर बंद करू नयेत.

धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी निर्दोष येऊ शकतो. तक्रार वारंवार होत असल्यास २४ तासांची होल्टर तपासणी सुचवावी.