कोल्हापूरच्या नित्याच्या बोलण्यांतील शब्द



पुण्याकडचें एखादें सुशिक्षित कुटुंब नोकरीच्या निमित्तानें कोल्हापुरांत येऊन बिऱ्हाड करितें, तेव्हां पहिल्या आठवड्यांतच त्याचा एक ग्रह होऊन बसतो. येथील माणसें मनाचीं मोकळीं खरीं, पण जिभेचीं फार राकट! गल्लींतला शेजारी यजमानांना 'का गा, मर्दा' म्हणून हांक मारतो. शेजारच्या आजीबाई 'मी मघाशींच आलों' असें सांगतात. आणि मुलगा शाळेंतून 'लई भारी' हे दोन शब्द पहिल्याच दिवशीं घरीं आणतो. अशा शब्दांचा खरा अर्थ काय आणि ते नवख्याला राकट कां वाटतात, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम संबोधनें घेऊं. 'गा' हा शब्द शहरी मराठींतून केव्हांच नाहींसा झाला, म्हणून तो आज गांवढळ वाटतो. परंतु इ. स. 1290 मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरींत अर्जुनाला उद्देशून 'गा' आणि 'अगा' हीं संबोधनें जागोजाग आलेलीं आहेत. जो शब्द पोथींत भक्तिभावानें वाचावयाचा, तोच कट्ट्यावर ऐकला म्हणजे नाक मुरडावयाचें, हा न्याय कोठला? वाक्याच्या शेवटीं येणारा 'की' तर याहून नाजुक आहे. 'बस' ही आज्ञा झाली. 'बस की' हा आग्रह झाला. 'जेवा' म्हणणारा यजमान आपलें कर्तव्य करितो. 'जेवा की' म्हणणारा, आपण न जेवल्यास, मनांतून खट्टू होतो.

आतां व्याकरणाकडे वळूं. कोल्हापूरकडील स्त्री 'मी आलों', 'मी जातों' असें बोलते, आणि पुष्कळांना तें पुरुषी वाटतें. वस्तुतः या बोलींत स्वतःविषयीं बोलतांना क्रियापदाला लिंगभेद नाहीं, एवढीच गोष्ट आहे. 'ती आली' आणि 'तूं आलीस' हीं रूपें येथेंही स्त्रीलिंगीच राहतात. प्रमाण मराठींत तरी काय आहे? चार स्त्रिया मिळून आल्या, तरी त्या 'आम्ही आलों' असेंच म्हणतात. 'मी येईन' हें तर स्त्रीपुरुषांना एकच आहे. अनेकवचनांत जें कोणाला खटकत नाहीं, तें एकवचनांत अशुद्ध कसें?

'काय करालायस?' आणि 'जेवालोय' हीं रूपेंही अशींच पाहण्याजोगीं आहेत. 'करायला लागला आहेस', 'जेवायला लागलों आहें' हे लांबलचक प्रयोग जिभेवर झिजून आटोपशीर झाले, असा त्यांचा उलगडा करितां येतो. 'तूं काय करतोस?' असें विचारलें, तर प्रश्न धंद्याविषयीं आहे कीं या घटकेच्या कामाविषयीं, हें संदर्भावरून ठरवावें लागतें. 'काय करालायस?' या प्रश्नांत तो संदेह राहातच नाहीं.

कोल्हापूर ही तालमींची नगरी. राजर्षि शाहू महाराजांनीं 1894 ते 1922 या आपल्या कारकीर्दींत मल्लविद्येला मोठा आश्रय दिला. खासबागेचें प्रसिद्ध कुस्तीमैदान 1912 सालीं तयार झालें. पेठापेठांतील तालमींनीं येथील बोलीलाही आपला रंग दिला आहे. पुण्याकडील जुन्या घरांत 'गडी' म्हणजे घरकामाचा नोकर; येथें 'गडी' म्हणजे अंगांत रग असलेला, कामाला पुरून उरणारा माणूस. 'काय गडी हाय!' हें येथें प्रशस्तिपत्र आहे. 'वस्ताद' हा फारसी 'उस्ताद' शब्दाचा वंशज. अन्यत्र 'मोठा वस्ताद आहे' म्हणजे लबाड आहे. येथें तालमींत शिकविणाऱ्या गुरूला आदरानें वस्ताद म्हणतात. 'मर्दा' हाही मूळचा फारसीच, परंतु त्यांत आव्हान नसतें. त्याचा अर्थ 'मित्रा' एवढाच. दोन मल्ल तुल्यबल असले म्हणजे 'काट्याची कुस्ती' होते, कारण तराजूचा काटा कोणत्याच बाजूला झुकत नाहीं. हा शब्दप्रयोग पुढें निवडणुकीपासून परीक्षेपर्यंत कोठेंही चालूं लागला.

स्वयंपाकघरांत तर नव्या सुनेची खरी परीक्षा होते. सासूबाईंनीं 'आमटींत चटणी घाल' म्हटलें, तर तिनें खोबऱ्याची चटणी शोधूं नये. येथें 'चटणी' म्हणजे मिरचीचें, कांदालसणाचें तिखट. 'माळवं' म्हणजे भाजीपाला. 'कोरड्यास' हा शब्द तर मोठा बोलका आहे. भाकरी कोरडी, त्या कोरड्यास लावून खावयाचें तें 'कोरड्यास'. पदार्थ कोणताही असो, त्याचें नांव त्याच्या कामावरून पडलें आहे.

कानडी मुलूख अगदीं लगतचा, त्यामुळें नात्याचीं नांवें दोन्हीकडे एकच झालीं. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द कानडींतही थोरला भाऊ, थोरली बहीण आणि वडील यांनाच लावतात. आणि हें ऋण केवळ कोल्हापूरचें नव्हे. आपण पुण्यांत वाढतों तें 'तूप'ही कानडी 'तुप्प' आहे, आणि 'अडकित्त्यां'त सुपारीचें 'अडके' हें कानडी नांव दडलेलें आहे. शेजाऱ्याचे शब्द घेणें हा दोष असेल, तर तो सर्व मराठीचाच आहे.

अलीकडे तरुणांच्या तोंडीं असलेले उद्गारही निरर्थक नाहींत. 'भारी' म्हणजे वजनदार. वजनदार तें मोलाचें, आणि मोलाचें तें उत्तम, अशी ही अर्थाची चढण आहे. 'नाद' हा संस्कृतांत ध्वनि, मराठींत छंद; 'खुळा' म्हणजे वेडा. वेड लावणारें कांहीं दिसलें कीं 'नाद खुळा!' हा उद्गार निघतो. उलट 'नाद करायचा नाय' ही ताकीद आहे: आमच्या वाटेस जाऊं नका. येथें उच्चारतां येणार नाहींत असेही कांहीं शब्द आहेत, जे इतरत्र शिवी म्हणून गणले जातात आणि येथें जिवलग मित्राच्या पाठीवरील थापेबरोबर येतात. त्यांविषयीं एवढेंच सांगतों, कीं नवख्यानें ते समजून घ्यावे. वापरूं मात्र नयेत. त्यांचा अर्थ कोशांत नसून दोघांच्या नात्यांत असतो.

मग राकटपणाचा शिक्का आला कोठून? एकोणिसाव्या शतकांत छापील मराठीला एक रूप द्यावें लागलें, तेव्हां पुण्याच्या शिष्टवर्गाची बोली पुढें करण्यांत आली. मोल्सवर्थ यांचा कोश 1831 मध्यें निघाला. शाळा आणि क्रमिक पुस्तकें वाढलीं. एका बोलीला मान मिळाला, यांत गैर कांहीं नाहीं. इतर बोली 'अशुद्ध' ठरल्या, हें गैर झालें. स्कॉटलंडांतही असेंच घडलें. रॉबर्ट बर्न्स यानें 1786 सालीं आपल्या काव्यानें स्कॉट्स बोलीला कीर्ति मिळवून दिली. तरीही जाणण्याला 'केन' आणि मुलाला 'बेर्न' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेंत दटावलें जाई. ती सुशिक्षितांची भाषा नव्हे, असें 1946 सालच्या प्राथमिक शिक्षणावरील सरकारी अहवालांत लिहिलें गेलें. पुढें 2011 च्या शिरगणतींत हीच बोली आपणांस बोलतां येते असें 15 लाखांहून अधिक लोकांनीं नोंदविलें. आपल्याकडे कागलच्या आनंद यादवांनीं 'झोंबी' 1987 मध्यें लिहिली, आणि 1990 सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या ग्रंथाची भाषा जर वाङ्मय ठरते, तर ती घरांत अशुद्ध कशी ठरेल?

हानि होते ती घरांतच. 'असें बोलूं नकोस' हें मुलाला वारंवार सांगितलें, कीं तें मूल शब्द टाकतें आणि त्याबरोबर तो शब्द बोलणारें माणूस कमी प्रतीचें आहे, असेंही शिकतें. हळूहळू आजीही नातवंडांसमोर शब्द जपून वापरूं लागते. तिचें बोलणें आंखडतें, आणि जें तिलाच सांगतां आलें असतें, तें सांगावयाचें राहून जातें. प्रमाण मराठी मुलांना उत्तम आलीच पाहिजे. पत्र, परीक्षा आणि सभा यांना तिच्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु सणाचा पोशाख अंगीं चढविण्यासाठीं रोजचें वस्त्र जाळावें लागत नाहीं. दोन्ही बोली ज्याला येतात, तो दोन घरीं पाहुणा न राहतां दोन्ही घरचा होतो.