नगरसेवकाचे कार्यवृत्त आणि मतदार : मिरज शहराचे उदाहरण

महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली की मिरज शहरात घरोघरी छापील पत्रके येऊ लागतात. प्रभागात किती गटारे बांधली, कोणत्या गल्लीचे डांबरीकरण झाले, जलवाहिनी कोठपर्यंत पोहोचली, यांची यादी त्यांत असते. वर नगरसेवकाचे छायाचित्र व खाली मतदारांस नम्र विनंती. अशा पत्रकास लोक ‘कार्य-अहवाल’ म्हणतात. लोकप्रतिनिधीने आपल्या कामाचा हिशेब द्यावा, यात वावगे काही नाही. किंबहुना तो त्याच्या कर्तव्याचाच भाग होय. प्रश्न आहे तो हा हिशेब केव्हा आणि कोणाच्या खर्चाने दिला जातो याचा.

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महानगरपालिका ९ फेब्रुवारी १९९८ रोजी अस्तित्वात आली. तिचे प्रभाग २० व नगरसेवक ७८ आहेत. बहुतेक प्रभागांतून चार नगरसेवक निवडले जातात. प्रभागातील जागांस अ, ब, क, ड अशी नावे असून मतदारास प्रत्येक जागेसाठी एक मत देता येते. यामुळे लोकांची सोय झाली, तसा एक पेचही निर्माण झाला. रस्ता एक आणि त्याचे श्रेय सांगणारे चार, असे दृश्य प्रचारकाळात सर्रास दिसते. वस्तुतः एखादे गटार बांधावयाचे तर नगरसेवकाच्या मागणीनंतर अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश असा मोठा प्रवास असतो. नगरसेवकाचा पाठपुरावा त्यात मोलाचा ठरतो, हे खरे. परंतु ‘माझ्या फंडातून’ हे शब्द वाचताना तो फंड घरपट्टी भरणाऱ्यांचा आणि शासकीय अनुदानाचा असतो, हे विसरून चालत नाही.

१ ऑगस्ट २०१८ रोजी निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांविषयीच्या न्यायालयीन वादांमुळे राज्यभर निवडणुका लांबल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निर्देश दिल्यानंतर मार्ग मोकळा झाला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या जवळजवळ अडीच वर्षांत मिरजेचा कारभार प्रशासकांकडे होता. प्रभागात काय चालले आहे, हे अधिकाराने सांगणारा लोकप्रतिनिधी या काळात नव्हता. जी पत्रके निघाली ती माजी किंवा भावी नगरसेवकांचीच असणार.

निवडणुकीची घोषणा होताच आचारसंहिता लागू होते. तेव्हापासून नव्या कामाची घोषणा वा भूमिपूजन करता येत नाही. आधी सुरू झालेले काम मात्र चालू राहू शकते. महानगरपालिकेची वाहने, विश्रामगृहे व कर्मचारी प्रचारास वापरण्यास मनाई असते. पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव असावे लागते आणि त्याचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. ‘ड’ वर्ग महानगरपालिकेसाठी ही खर्चमर्यादा या वेळी ९ लाख रुपये होती. मुदतीत हिशेब न देणारा उमेदवार तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो. निवडणुकीच्या कामावर नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना हे नियम ठाऊक असतात. मतदारांपर्यंत ते क्वचितच पोहोचतात.

फलकांची गोष्ट अधिक नाजूक आहे. सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. तरीही बेकायदा फलक वाढत राहिले. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये असे फलक काढण्याविषयी स्थानिक संस्थांना सक्त आदेश दिले. मिरजेला तर याचा कटू अनुभव आहे. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरील चित्रावरून येथे दंगल उसळून संचारबंदी पुकारावी लागली. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती.

कार्यवृत्तासाठी कायद्याने स्वतंत्र व्यासपीठ दिलेले आहे. २००९ च्या दुरुस्तीने महानगरपालिका क्षेत्रात क्षेत्रसभेची तरतूद झाली असून तिचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे असते. ग्रामसभेची सवय असलेल्या पंचायत सदस्यांना तिचे प्रयोजन सहज उमगेल. अमुक काम कोणत्या टप्प्यावर अडले, हे तेथे नागरिक समोरासमोर विचारू शकतो. पत्रकाला उलट प्रश्न विचारता येत नाही. दुर्दैवाने शहरांतून क्षेत्रसभा फारशा भरत नाहीत.

कोणती वार्ता लोकांना खरोखर हवी असते, हे कृष्णेच्या पुराने दाखवून दिले आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी त्यापलीकडे गेले. मिरजेच्या कृष्णाघाट परिसरातील कुटुंबांना अशा वेळी पाणी किती चढले, निवारा कोणत्या शाळेत आहे, टँकर कोठे उभा राहील, एवढेच हवे असते. त्या मजकुरावर छायाचित्र असले काय, नसले काय, सारखेच.