मनगटावरचा आकडा आणि पायांची सवय

रात्री जेवणानंतर सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्या मंडळींमध्ये एक दृश्य हमखास दिसते. कुणीतरी मनगट वर करते, काचेवरचा आकडा वाचते आणि ‘अजून बाराशे बाकी’ म्हणत आणखी दोन फेऱ्या मारते. पूर्वी चालण्याचा हिशेब ‘अर्धा तास’ किंवा ‘देवळापर्यंत जाऊन येणे’ असा असे. आता तो पावलांत होतो. या मोजण्यामुळे सवयी खरोखर बदलतात का, आणि बदलल्याच तर तब्येतीला त्याचा उपयोग होतो का, यावर गेल्या दशकभरात बरेच संशोधन झाले आहे. त्याचे उत्तर ‘हो’ असे आहे. पण आकड्याकडे कसे पाहिले जाते, यावर ते बरेचसे अवलंबून आहे.

भारतासाठी हा प्रश्न किरकोळ नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये देशातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून जास्त होते. मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये समोर आला. अशा देशात लोकांना चार पावले जास्त चालायला लावणारे कोणतेही साधन उपयोगाचेच ठरेल.

दहा हजारांचा जन्म

बहुतेक पट्ट्यांवर रोजचे लक्ष्य १०,००० पावलांचे असते. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक झाले आणि जपानमध्ये व्यायामाची लाट आली. पुढच्याच वर्षी ‘यामासा’ या कंपनीने पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’. लक्षात राहणारा, गोल आकडा होता. तोच पुढे जगभर पसरला.

संशोधनाने मात्र लक्ष्य बरेच खाली आणले आहे. हार्वर्डमधील डॉ. आय-मिन ली यांच्या २०१९ च्या अभ्यासात वयस्कर स्त्रियांच्या पावलांची नोंद घेण्यात आली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ७,५०० च्या पुढे मात्र या फायद्यात फारशी भर पडली नाही. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यातही बहुतेकांसाठी ७,००० पावले हे पुरेसे आणि झेपणारे लक्ष्य असल्याचे दिसले. अशा पाहण्यांतून चालणे आणि आरोग्य यांचा संबंध कळतो, थेट कारण सिद्ध होत नाही. तरीही सर्वांत मोठा लाभ अगदी कमी चालणारा थोडा जास्त चालू लागतो तेव्हा मिळतो, हे चित्र पुन्हा पुन्हा समोर आले आहे.

पाय चालतात, वजन हटत नाही

पट्टा बांधल्याने माणूस जास्त चालतो का? दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दीड लाखाहून अधिक लोकांवरील उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. पट्टा वापरणारे दिवसाला सरासरी १,८०० पावले जास्त चालत होते. वजनात मात्र सुमारे एक किलोचीच घट झाली होती.

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगाचा निष्कर्ष तर उलटाच होता. वजन कमी करू पाहणाऱ्या ४७१ तरुणांपैकी सर्वांना आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. काहींना सोबत पट्टाही देण्यात आला. दोन वर्षांनी पट्टा घालणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने, तर न घालणाऱ्यांचे ५.९ किलोने कमी झाले होते.

याचे नेमके कारण त्या प्रयोगातून कळले नसले, तरी एक धोका उघड आहे. पट्टा ‘आज इतक्या कॅलरी जळल्या’ असे सांगतो आणि ‘मग एक वडापाव चालेल’ असा हिशेब मनात होतो. हा हिशेबच कच्चा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात उपकरणे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले. पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले.

पावलांची मोजणीही हाताच्या हालचालीवरून होते. त्यामुळे सामानाची ट्रॉली ढकलताना किंवा दोन्ही हातांत पिशव्या धरून चालताना काही पावले हिशेबातून निसटतात. शरीराला मात्र त्या कष्टाचा लाभ मिळतोच.

आकडा मनालाही लागतो

आकड्याचा परिणाम फक्त पायांवर होत नाही. स्टॅनफर्डमधील २०२३ च्या एका प्रयोगात काहींच्या घड्याळात पावले मुद्दाम कमी दाखवण्यात आली. आपण कमी पडतो आहोत असे वाटू लागलेल्या या लोकांचा आहार बिघडला, आत्मविश्वास घटला, रक्तदाब आणि नाडीचे ठोकेही वाढले. ज्यांना खरा आकडा दिसत होता, त्यांच्यात असे झाले नाही.

झोपेचेही तसेच. घड्याळाने दाखवलेल्या झोपेच्या गुणांची चिंता करून करून झोप उडालेल्या रुग्णांचे वर्णन शिकागोतील डॉक्टरांनी २०१७ मध्ये केले आणि या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. झोपेचे टप्पे खात्रीने ओळखण्यासाठी मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवाव्या लागतात. घड्याळ हालचाल आणि नाडीवरून केवळ अंदाज बांधते.

सवय टिकण्याचा प्रश्न वेगळाच आहे. सिंगापूरमध्ये ८०० कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात पट्ट्यासोबत रोख बक्षीस दिलेल्या गटाची हालचाल सहा महिने वाढली. बक्षीस बंद झाल्यावर ती पुन्हा पहिल्या पातळीवर आली. वर्षअखेरीस पट्टा मिळालेल्यांपैकी सुमारे दहा टक्केच लोक तो वापरत होते.

वापरावा कसा?

पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद घ्यावी. सरासरी ३,००० आली तर एकदम दहा हजारांच्या मागे न लागता दोन-तीन आठवड्यांनी हजार पावले वाढवावीत. ही वाढ दिनक्रमात बसवली तर टिकते: एक थांबा आधी उतरणे, फोनवर बोलताना चालणे, जिना वापरणे. केवळ पावले मोजायची असतील तर खिशातला मोबाइलही ते काम करतो. नवी खरेदी गरजेची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या गतीचे चालणे, हेही चांगले माप आहे. दाखवलेल्या कॅलरींवर जेवणाचा हिशेब करू नये. सवय अंगवळणी पडली की पट्टा अधूनमधून काढून ठेवण्यातही काही बिघडत नाही.

हृदयाच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवे. घड्याळामागचा हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्ताचा प्रवाह टिपतो आणि त्यातून नाडीची अनियमितता काही वेळा लक्षात येते. असा इशारा आला तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढावा. घाबरून जाऊ नये, दुर्लक्षही करू नये. मात्र हृदयविकाराचा झटका हे घड्याळ ओळखू शकत नाही. छातीत दुखणे, धाप लागणे, दरदरून घाम येणे अशी लक्षणे दिसत असतील, तर काचेवरचा आकडा कितीही ठीक असला तरी थेट रुग्णालय गाठावे.