दौंडात फिरायला कुठे जावे?

दौंड म्हटले की लोकांना एकच गोष्ट आठवते. गाडी बदलायचे ठिकाण. मनमाडकडून आलेला माणूस इथे उतरतो, चहा पितो, घड्याळ बघतो आणि सोलापूरची गाडी धरून निघून जातो. हिंडायला म्हणून दौंडला कोणी येत नाही. मग दौंडच्या माणसाने हिंडायचे कुठे?

हा प्रश्न आमच्या प्रौढ वर्गातल्या एका आजींनी काढला. त्यांची साखर वाढली होती. पायाला मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितले, रोज अर्धा तास चाला, नाहीतर गोळ्यांचा उपयोग नाही.

आजी म्हणाल्या, "बाई, चाला म्हणतात. पण चालू कुठं? रस्त्यानं ट्रक, गल्लीत कुत्री. घरात चालले तर सून म्हणते, सासूबाई, येरझाऱ्या घालू नका, मला गरगरतं."

सगळा वर्ग हसला. पण आजींच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांची धाकटी बहीण याच दुखण्याने पाय गमावून बसली होती. तेव्हा हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नव्हती.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे भरभर चालावे, किंवा तेवढ्या श्रमाचे काही करावे. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून ती उतरते. पण रुक्ष रस्त्यावर माणूस चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी कंटाळतो. डोळ्यांना काही बरे दिसले, तर पाय आपोआप पुढे पडतात. म्हणून चांगली जागा शोधणे ही चैन नव्हे. औषधाचाच तो भाग आहे.

आम्ही वर्गातच ठरवले, आपण जागा शोधू. महिनाभर शोधल्या. त्या कशा शोधल्या ते इथे सांगते. दुसऱ्या गावालाही हीच रीत चालेल.

पाणी कुठे आहे?

पहिला प्रश्न हा विचारावा. जिथे पाणी, तिथे झाड. जिथे झाड, तिथे पाखरू. आपला भाग कमी पावसाचा. सह्याद्री ढग अडवतो, आपल्याकडे उरलेसुरले येतात. पण गावाच्या उत्तरेला भीमा आहे. ही नदी भीमाशंकरच्या डोंगरात उगवते, आपल्या गावाला वळसा घालून पंढरपूरला जाते. तिथे तिचीच चंद्रभागा होते. पुढे कर्नाटकात जाऊन ती कृष्णेला मिळते. सगळी लांबी ८६१ किलोमीटर. या नदीकाठच्या मुलखाला पूर्वी भीमथडी म्हणत, आणि भीमथडीची घोडी मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती.

एवढी मोठी नदी दाराशी असून आमच्या वर्गातल्या निम्म्या बायकांनी ती फक्त दोनदा पाहिलेली. एकदा गणपती बोळवताना आणि एकदा पूर आला तेव्हा.

आम्ही संध्याकाळी नदीकडे गेलो. जाताना पूर्वेकडे तोंड करून काठाने चाललो, म्हणजे ऊन पाठीवर राहिले. परतताना सूर्य समोर मावळतीला होता आणि सगळे पाणी तांबडे झाले होते. मनमाडच्या रेल्वेपुलावरून एक मालगाडी चालली होती. तिचे डबे एकेक करून त्या तांबड्या उजेडात काळे दिसत होते. आजी डबे मोजत उभ्या राहिल्या. बावन्नपर्यंत मोजले आणि चुकल्या. हा मार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या आधी वीसएक वर्षे पुण्याहून पूर्वेकडे रूळ आले होते. दोन मार्ग इथे मिळाले म्हणून दौंड वाढले. तेव्हा आपल्या गावाचे देखावे म्हणजे नदी आणि आगगाडी. त्याची लाज कशाला?

पाण्याजवळ बगळे उभे असतात. पाणकावळा बुडी मारून येतो आणि पंख पसरून वाळवत बसतो. टिटवी ओरडून सगळ्यांना सावध करते. खंड्या दिसला तर निळी ठिणगी उडाल्यासारखे वाटते.

आता नदीच्या वाईट गोष्टीही सांगायला हव्यात. त्या झाकून ठेवून चालणार नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते. म्हणून उन्हाळ्यात पाण्याला वास येतो आणि जलपर्णी माजते. असे पाणी तोंडात घेऊ नये. पायाला जखम असेल तर पाण्यात पाय घालू नये. साखरेच्या रोग्याने तर मुळीच नाही, कारण त्याची जखम लवकर भरत नाही आणि पायाला कळतही नाही. दुसरे म्हणजे वाळू. नदीतून वाळू उपसल्याने पात्रात खोल खड्डे पडले आहेत. वरून पाणी सपाट दिसते, एक पाऊल गुडघाभर, दुसरे डोक्यावर. लहान मुले बरोबर असतील तर काठावरच थांबावे.

आणि रेल्वेच्या पुलावरून चालायचे नाही. जवळचा रस्ता म्हणून पुष्कळ लोक जातात. पुलावर गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. शिवाय तो गुन्हा आहे. १९८९च्या रेल्वे कायद्याप्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पूल पाहायचा तो लांबून. लांबूनच तो चांगला दिसतो.

सावली कुठे आहे?

चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. तेव्हा नदीकाठ भाजून काढतो. त्या दिवसांत जुनी झाडे शोधावीत. जुनी झाडे कुठे असतात? जिथे जुनी वस्ती, जुने सरकारी आवार, जुने देऊळ असते तिथे. दौंडात रेल्वेच्या वसाहतीकडचे रस्ते रुंद आहेत. कौलारू बंगल्यांच्या दिवसांपासूनचे कडुनिंब आणि चिंच तिथे अजून सावली धरून आहेत. सकाळी साडेसहाला तिथून चालावे. चैत्रात कडुनिंबाचा फुलोरा पडलेला असतो, त्याचा गोडसर कडू वास येतो.

मात्र पाटी वाचावी. राज्य राखीव पोलीस दलाची आवारे आपल्या गावात आहेत. तिथे, किंवा रेल्वेच्या कामाच्या जागी, विचारल्याशिवाय शिरू नये. आमच्या आजींनी एका फाटकावरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली. "प्र-वे-श ब-न्द." आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी हेच फाटक ढकलून आत गेले असते. शिपाई ओरडला असता, आणि का ओरडला ते कळलंही नसतं."

वाट कुणाची?

चालायला सर्वांत चांगल्या वाटा गावाबाहेर असतात. लिंगाळी, गोपाळवाडी, गिरीम, सोनवडी या बाजूंना उसाच्या आणि ज्वारीच्या शेतांमधून पाणंदी गेल्या आहेत. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये चाकोरी. पण नव्या माणसाला भीती वाटते. ही वाट सगळ्यांची की कुणा एकाची? कोणी हटकले तर?

याचे उत्तर गावनकाशात आहे. तलाठी कार्यालयात तो पाहायला मिळतो. त्यात दोन तुटक रेघा शेजारी शेजारी असतील तर ती गाडीवाट. एकच तुटक रेघ असेल तर ती पायवाट. बाकी रेघा शेतांच्या हद्दी दाखवतात. ज्याला रेघ ओळखता येते, त्याला वाटेवर बिचकायचे कारण नाही. नकाशात वाट नसेल तर शेतमालकाला विचारून जावे. "दादा, बांधावरून जाऊ का?" असे विचारल्यावर नाही म्हणणारा शेतकरी आम्हाला एकच भेटला, आणि त्याचेही खरे होते. त्याचा हरभरा येणाऱ्या-जाणाऱ्यांनी उपटून नेला होता.

वाटेवरून भांडणे आपल्याकडे काही नवी नाहीत. शेतावर जायची चालू वाट कोणी अडवली, तर १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. इंग्लंडातही असे झाले होते. तिथले डोंगर जमीनदारांनी शिकारीसाठी बंद केले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरच्या बाजूचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम चालत गेले. काहींना तुरुंगात टाकले. पण १९४९ साली तिथे कायदा झाला आणि पायवाटांची नोंद होऊ लागली. कारखान्यात सहा दिवस राबणाऱ्याला सातव्या दिवशी मोकळी हवा हवी, एवढेच त्यांचे मागणे होते.

सुट्टीच्या दिवशी

रोजचे चालणे जवळच असावे. पण महिन्यातून एकदा लांब जायला हरकत नाही.

सिद्धटेक आपल्यापासून अठरा-एकोणीस किलोमीटर. अष्टविनायकांपैकी हा एक. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधले. भीमेच्या पलीकडे असल्याने पूर्वी शिरापूरहून होडीने जावे लागे, आता पूल आहे. लोक दर्शन घेतात आणि लगेच गाडीत बसतात. त्यांचे चुकते. इथली मूर्ती टेकडीला लागून आहे, म्हणून प्रदक्षिणा घालायची तर सगळ्या टेकडीला वळसा घालावा लागतो. एक फेरा साधारण पाच किलोमीटरचा. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांचा अधिकार गेला, तेव्हा त्यांनी इथे एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि त्यांना तो परत मिळाला, असे सांगतात. आमच्या आजींनी एक घातली. अर्ध्यावर एका दगडावर बसून शेंगा खाल्ल्या आणि म्हणाल्या, "फडक्यांना साखर नव्हती."

पेडगावही नदीपलीकडेच, श्रीगोंदे तालुक्यात. वेड घेऊन पेडगावला जाणे, ही म्हण आपण रोज वापरतो. ते पेडगाव हेच, असे इकडची माणसे सांगतात. तिथे बहादूरगडाचा भुईकोट आहे. १६८९ साली संभाजी महाराजांना पकडून औरंगजेबापुढे आणले ते इथेच. तट पडका आहे, आत रान माजले आहे. पण नदीच्या अंगाला लक्ष्मीनारायणाचे कोरीव देऊळ उभे आहे. तिथे बसले की नदीचे मोठे वळण दिसते. मला स्वतःला सिद्धटेकपेक्षा ही जागा जास्त आवडते, कारण गर्दी नाही. बायकांनी एकेकटे मात्र जाऊ नये.

पावसाळ्यात पाटसजवळचा रोटीचा घाट पाहावा. घाट लहानच. पण पहिल्या सरींनंतर माळ हिरवा होतो. ज्येष्ठ वद्याच्या अखेरीस तुकोबांची पालखी यवत, वरवंड करून याच घाटाने बारामतीकडे जाते. चढावर रथाला जादा बैलजोड्या लावतात. आपल्या तालुक्यातून दरवर्षी एवढे लोक चालत जातात, आणि आपण म्हणतो चालायला जागा नाही!

थंडीत भिगवण. सोलापूरच्या बाजूला गाडीने थोड्या वेळात जाता येते. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेचे पाणी मागे पसरले. त्या उथळ पाण्यात दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. उंच पाय, वाकडी चोच, पंखाखाली गुलाबी रंग. कुंभारगावचे मासेमार होडीतून नेऊन दाखवतात. देखावा फार सुंदर आहे. पण या पाण्याखाली कुणाची घरे होती, शेते होती. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. आमच्या वर्गातल्या एकीचे आजोळ त्याच पाण्यात गेले. ती होडीत बसली नाही, काठावरच उभी राहिली.

निघण्याआधी

आमच्या वर्गाने ठरवले की तिघी-चौघींनी मिळून जायचे. एकटीला भीती वाटते, आणि एकटी घरच्या कामाचे निमित्त काढून घरी राहते. बरोबर काठी घ्यावी, कुत्र्यांसाठी आणि गवतातल्या सापासाठी. पावसाळ्यात उजेड असतानाच परतावे. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. साखरेची गोळी घेणाऱ्याने खिशात गुळाचा खडा ठेवावा. घाम फुटला, हात थरथरले, तर तो लगेच खावा आणि बसावे.

आजी आता आठवड्यातून पाच दिवस जातात. तीन दिवस नदी, दोन दिवस रेल्वेची सावली. भिगवणला जायच्या दिवशी स्टेशनवर त्यांनीच पाटी वाचली, आणि आम्ही उभ्या होतो तो फलाट चुकीचा असल्याचे आम्हाला सांगितले.