गोळी आवाजापेक्षा हळू कशासाठी?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले. या खेळातले ५.६ मि.मी.चे काडतूस मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाचे असते, सेकंदाला साधारण ३३० मीटर. वेगवान गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरली, की भोवतालच्या हवेचा दाब बदलून ती डळमळते. आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मि.मी.चे! ध्वनीचा वेग २० अंशांना ३४३ मीटर, तर आपल्या इथल्या ४५ अंशांना सुमारे ३५७.

काही देशांतले हौशी लोक मोठ्या रायफलच्या काडतुसातही झटपट जळणारी पिस्तुलाची दारू थोडीशी भरून वेग कमी करतात. धोका इथेच आहे. पुंगळी बरीचशी रिकामी राहते, त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती मावते, आणि दाबाने बंदूकच फुटू शकते. फार कमी पडली तर गोळी नळीत अडकते.

यूएईत परवान्याशिवाय काडतूस बाळगणे वा बनवणे गुन्हा आहे. भारतातून येताना आठवण म्हणून रिकामी पुंगळीही सामानात ठेवू नका. मुलांना हौस असेल तर अधिकृत नेमबाजी क्लबातच पाठवा.