संगणक कक्षातून बाहेर जाणारी वाट

गतवर्षी आम्ही शाळेच्या जुन्या स्मरणिका, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आणि हस्तलिखित अंक स्कॅन करून संगणक कक्षातील एका संगणकावर ठेवले. त्यावर वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पान काढून देणारी आज्ञावली, सुरू केली. ही वार्ता माजी विद्यार्थ्यांना कळताच पुण्याहून, नागपूरहून, दुबईहून एकच मागणी आली : "सर, लिंक पाठवा." लिंक पाठवली, कोणालाच उघडेना. याचे कारण शोधण्याचे काम इतिहासाच्या शिक्षकांकडे आले, हे थोडे नवलाचेच.

संगणक स्वतःशी बोलताना १२७.०.०.१ हा पत्ता वापरतो. यालाच 'लोकलहोस्ट' म्हणतात. आम्ही पाठवलेल्या लिंकमध्ये हाच पत्ता होता. म्हणजे ती उघडणारा प्रत्येक जण वस्तुतः स्वतःच्याच यंत्राचे दार ठोठावत होता! कक्षातील संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते आहेत, पण तेही बाहेर निरुपयोगी. कारण वसतिगृहातील 'खोली क्रमांक ५' प्रमाणे ते घरोघरी तेच असतात. यामागे टंचाई आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते होऊ शकतात आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून अनेक यंत्रे मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. आतून कोणी काही मागितले तर राउटर त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर योग्य यंत्राकडे पोचवतो. बाहेरून न मागता कोणी आले, तर ते कोणाकडे धाडावे हे त्याला कळत नाही. पुष्कळ सेवा-कंपन्या तर अनेक ग्राहकांनाही एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. अशा वेळी आपल्या राउटरमध्ये कितीही वाट मोकळी केली तरी उपयोग होत नाही.

यावरचा उपाय समजण्यासाठी एसटीडी बूथ आठवावे. वसतिगृहातील मुलाला घरून फोन करता येत नसे. पण मुलाने बूथवरून फोन लावला की त्याच तारेवरून आई-वडीलही मनसोक्त बोलत. 'टनेल' अर्थात बोगदा ही नेमकी हीच युक्ती आहे. आपला संगणक सार्वजनिक पत्ता असलेल्या एखाद्या दूरच्या सर्व्हरला आपणहून जोडणी लावतो आणि ती तोडत नाही. पाहुणा त्या सर्व्हरकडे येतो, त्याची मागणी उघड्या तारेवरून आपल्या कक्षात येते आणि पान त्याच वाटेने परत जाते. आम्ही यासाठी एसएसएच ही आज्ञावली वापरली. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तेथील टाटू युलोनेन यांनी १९९५ साली ती लिहिली. तिच्यातून जाणारा मजकूर सांकेतिक रूपात जातो. वाटेत कोणी कान लावला तरी त्याला अर्थ लागत नाही.

येथेच आमची चूक झाली. 'सुरक्षित' हा शब्द ऐकून आम्ही निर्धास्त झालो. बोगदा सुरू केल्यावर तासाभरात एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला : "सर, प्रवेशाची नोंदवहीसुद्धा दिसतेय." छायाचित्रांच्या फोल्डरशेजारीच नोंदवहीची स्कॅन केलेली पाने होती, आणि सर्व्हरने सगळ्याच फोल्डरची यादी पाहुण्यापुढे मांडली होती. त्या पानांत नाव, जन्मतारीख, पालकांचा व्यवसाय आणि जातीचा रकाना आहे. ज्या रकान्याने आमच्या विद्यार्थ्यांच्या आज्या-आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवले, तो आम्ही स्वतःच्या हाताने जगापुढे ठेवला होता. तार तत्काळ तोडली. पण तोवर ती पाने किती जणांनी पाहिली, हे आजही सांगता येत नाही.

बोगदा वाटेतल्या चोरापासून वाचवतो. दाराशी आलेला कोण आणि त्याला काय द्यायचे, हे तो ठरवत नाही. उलट आजवर राउटरमुळे आपसूक मिळणारा आडोसा तो काढून घेतो. 'लिंक ठाऊकच कोणाला आहे?' हा दिलासाही फोल आहे; नवी नावे हुडकत फिरणाऱ्या आज्ञावल्या अहोरात्र चालू असतात. तयार बोगदा पुरवणाऱ्या सेवा सोयीच्या खऱ्या, पण त्यांपैकी अनेकींत सांकेतिक मजकूर त्यांच्या सर्व्हरवर उलगडतो. म्हणजे त्या कंपनीवरही भरवसा ठेवावा लागतो.

आता छायाचित्रांचा संगणक वेगळा आहे आणि त्यावर दुसरे काहीही नाही. फोल्डरची यादी दाखवणे बंद केले आहे. दूरच्या सर्व्हरवर आमचे खाते पासवर्डने नव्हे, तर किल्लीच्या फायलीने उघडते आणि त्या खात्याला बोगद्याखेरीज अन्य काम करता येत नाही. पाहुण्यालाही आधी आपले नाव आणि परवलीचा शब्द द्यावा लागतो. नोंदवही कार्यालयातील कपाटात परत गेली आहे.

बोगदा दर रविवारी सायंकाळी ६ ते ८ उघडा असतो. माजी विद्यार्थ्यांनी आपले नाव व दहावीचे वर्ष कार्यालयास कळवावे; परवलीचा शब्द पाठवला जाईल. पान उघडले नाही, तर बहुधा येथील वीज गेलेली असते. पुढच्या रविवारी पाहावे.