डॉक्टरांची गर्दी

व्हॉल्व्ह कंपनीचा ‘टीम फोर्ट्रेस २’ हा गेम 2007 मध्ये आला. त्यात नऊ प्रकारचे लढवय्ये. त्यांतला डॉक्टर होणं म्हणजे दुसऱ्यांच्या मागे पळत त्यांच्या जखमा भरणं, तेव्हा हौशी कमीच. एप्रिल 2008 मध्ये कंपनीने त्याला तीन नवी हत्यारं दिली, पण ती पराक्रमाच्या बोलीवर. डॉक्टरसाठी 36 ‘अचीव्हमेंट’ ठरवल्या. ठरावीक टप्पा गाठला की एकेक हत्यार खुलं. एक अट तर झकास होती: ज्याच्यावर उपचार केले, तोच वेषांतर केलेला शत्रूचा हेर निघाला, तर त्याला ठार करायचं!

मग काय, जो तो डॉक्टर. लढाईकडे पाहायला कुणी नाही, सगळ्यांचं लक्ष आपापल्या यादीवर. काहींनी तर खास नकाशे बनवले. तिथे शत्रूशीच संगनमत करून अटी पुऱ्या व्हायच्या. कॉपी करून पास होण्याचाच हा प्रकार.

2009 मध्ये, खेळता खेळता आपोआप वस्तू मिळण्याची सोय आली. लगेच गेम न खेळताच ‘हजेरी’ लावणारे प्रोग्रॅम निघाले. सप्टेंबरात कंपनीने ते वापरणाऱ्यांच्या अशा वस्तू काढून घेतल्या आणि बाकीच्यांच्या डोक्यावर देवदूताचं तेजोवलय चढवलं. गंमत म्हणजे, ते मिरवणाऱ्या ‘सज्जनां’ना काही जण मुद्दाम हेरून गोळ्या घालत.